एअर इंडियाच्या इमारतीत नेमके कोण बसणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नरिमन पॉइंटची एअर इंडियाची इमारत सरकारी कार्यालयांसाठी 1,601 कोटी रुपयांना घ्यायची असे राज्य मंत्रिमंडळाने 2023 साली ठरवले, त्याला माझा विरोध नाही. 21 जून 2012च्या आगीनंतर मंत्रालयातले विभाग जी. टी. रुग्णालयाच्या आवारात आणि आणखी कुठेकुठे विखुरले. एका सहीसाठी शिपाई प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली फाइल छातीशी धरून भर पावसात रस्ते ओलांडताना मी पाहिले आहेत. मंत्र्यांना रोज लागणारे विभाग एका जागी यायलाच हवेत. माझे म्हणणे बाकीच्यांबद्दल आहे.

मी बदलापूरला राहते. एकतीस वर्षांच्या सरकारी नोकरीतली बहुतेक वर्षे फोर्टमधल्या एका कार्यालयात गेली. जिल्ह्यांकडून आलेली प्रकरणे तपासायची, त्रुटी काढायच्या, मंजुरी कळवायची, हे आमचे काम. मंत्र्यांच्या दालनात जाण्याची वेळ आमच्यापैकी बहुतेकांवर वर्षातून एकदाही येत नसे. तरी बदलापूर, टिटवाळा, नालासोपारा, पनवेलहून सगळी माणसे रोज मुंबईच्या टोकाला यायची. बदलापूर ते सीएसएमटी 68 किलोमीटर. सकाळी सव्वासातला घर सोडायचे, रात्री साडेआठला कुलूप उघडायचे. गाडी रखडली की लेट मार्क, तीन लेट मार्कांना एक किरकोळ रजा.

मध्यंतरी तीन वर्षे माझी बदली कल्याणला झाली. अंतर 14 किलोमीटर. मुलगी तेव्हा पाचवीत होती. तिची वही ती जागी असताना तपासायला मिळाली. गच्चीवरचे वाळलेले कपडे मी उजेडात काढले. आणि काम जास्त झाले, हे मी मुद्दाम सांगते. अमकी फास्ट चुकली तर पुढची किती वाजता, हा हिशेब डोक्यात नसला की माणूस टिपणी पुरी करूनच उठतो.

ही कल्पना काही नवी नाही. 1970 साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली तेव्हा सरकारी कार्यालये खाडीपलीकडे न्यावीत, हा नव्या मुंबईच्या कल्पनेचा गाभाच होता. बेलापूरला कोकण भवन ही सरकारी कार्यालयांची इमारत झाली, स्टेशनवरून चालत जाता येते. पण राज्याचा कारभार काही हलला नाही. 1981 मध्ये नवे विधान भवनही नरिमन पॉइंटलाच उभे राहिले. भराव टाकून मिळालेल्या जमिनीची ओढ मोठी होती. तिची किंमत कल्याण-कर्जत-कसाऱ्याची माणसे अजून मोजताहेत. 9 जून 2025ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसे गाडीतून पडून दगावली. त्यानंतर कार्यालयांच्या वेळा बदला, अशी विनंती रेल्वेने पुन्हा केली. वेळा जरूर बदला, गर्दी थोडी पसरेल. पण त्याने 68 किलोमीटरचे 60 होत नाहीत.

कार्यालय कुठे असावे हे ठरवताना कोण कुठून येतो, हे आजवर कुणी विचारल्याचे मला आठवत नाही. जागा रिकामी आहे का, भाडे किती, साहेबांना सोयीची आहे का, एवढेच पाहिले जाते. प्रत्येकाचा घरचा पत्ता आस्थापना शाखेत असतो. पिनकोडवार यादी काढायला एका लिपिकाला दोन दिवस पुरे. ज्या कार्यालयाचे बहुतेक लोक मध्य रेल्वेवरचे आहेत, ते ठाण्याला किंवा कल्याणला न्यावे, तेही स्टेशनपासून चालत जाता येईल अशाच जागी. नाहीतर रिक्षाच्या रांगेत वाचलेला वेळ जातो. गावाकडून काम घेऊन येणाऱ्यांचीही सोय होईल. नाशिककडून काय, पुण्याकडून काय, लांबच्या बहुतेक गाड्या कल्याणला थांबतातच.

सरसकट मात्र हलवू नका. ठाण्याला गेलेल्या कार्यालयातल्या विरारच्या माणसाला दादरपर्यंत येऊन उलटे जावे लागेल. त्याला पश्चिम रेल्वेवरच्या कार्यालयात बदली मागण्याचा हक्क आधी द्या, मग कपाटे हलवा. बेलापूरला जाणाऱ्या डोंबिवली-कल्याणकरांना आजही ठाण्याला जिना चढून नवी मुंबईची ट्रान्स-हार्बर लोकल पकडावी लागते. ठाण्याला न उतरता थेट नवी मुंबईत नेणारा कळवा-ऐरोली जोडमार्ग वर्षानुवर्षे रखडला आहे, तो आधी पुरा करा. पती-पत्नी दोघेही नोकरीत असतील तिथे वेगळा विचार लागेल.

एअर इंडियाच्या इमारतीतल्या मजल्यांचे वाटप ठरवताना प्रत्येक कार्यालयाला एक प्रश्न लेखी विचारावा: मंत्र्यांकडे तुमची फाइल महिन्यातून किती वेळा जाते? ई-ऑफिस आल्यापासून फाइल संगणकावरूनच जाते, ती न्यायलाही माणूस लागत नाही.

माझ्या टेबलावर आता जी मुलगी बसते ती टिटवाळ्याहून येते. तिचे बाळ दहा महिन्यांचे आहे.

आपली,
एक सेवानिवृत्त कर्मचारी, बदलापूर