नोटिशीवर कलम छापा, मुदत छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सिंहस्थ कुंभमेळ्याची कामे निघाली की नाशिक महापालिकेच्या नोटिसाही निघतात. काही अतिक्रमणाच्या, काही विनापरवाना बांधकामाच्या, आणि त्यांच्या जोडीला नेहमीच्या घरपट्टीच्या. नोटीस हातात पडलेला माणूस आधी ओळखीच्या नगरसेवकाला गाठतो, मग विभागीय कार्यालयात खेटे घालतो, मग ॲपवर तक्रार टाकून वाट पाहतो. एवढ्यात अपिलाची मुदत निघून जाते. तक्रार म्हणजे अपील नव्हे, आणि तक्रारीचे उत्तर आले नाही म्हणून अपिलाचे दिवस थांबत नाहीत, हे नोटिशीवर कुठेच लिहिलेले नसते.

आधी पाहायचे ते हे की नियम कुणी केला. महापालिका राबवते त्यातले बरेच नियम राजीव गांधी भवनात, म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयात, झालेलेच नसतात. बांधकामाची एकत्रिकृत नियमावली राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये लागू केली. प्लास्टिकबंदीही राज्याच्या मार्च २०१८ च्या अधिसूचनेने आली; पहिल्या वेळी ५ हजार, दुसऱ्या वेळी १० हजार हे दंडही राज्याच्याच कायद्यातले. अशा नियमाविरुद्ध महासभेच्या, म्हणजे नगरसेवकांच्या सभेच्या, दारात कितीही घोषणा दिल्या तरी महासभेच्या हाती काही नाही. महापालिकेचे खरे स्वतःचे म्हणजे उपविधी, अर्थात तिने स्वतः केलेले स्थानिक नियम. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार आयुक्त मसुदा महासभेपुढे ठेवतात, राजपत्रात आणि स्थानिक वृत्तपत्रांत सूचना निघते, हरकती ऐकल्या जातात, महासभा मंजुरी देते आणि शेवटी राज्य शासनाची मान्यता लागते. ही मान्यता येईपर्यंत तो मसुदाच. मंजूर उपविधींच्या छापील प्रती विक्रीला ठेवाव्यात अशीही कायद्यात तरतूद आहे. कुणी विभागीय कार्यालयात जाऊन एक प्रत मागून पाहावी.

विकास आराखड्यातला बदल वेगळ्या कायद्याने होतो. नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ नुसार फेरबदलाची सूचना निघाल्यापासून एक महिन्याच्या आत हरकत द्यावी लागते, आणि ज्यांच्यावर थेट परिणाम होणार त्यांना स्वतंत्र नोटीस बजावणे बंधनकारक आहे. इथे घोटाळा होतो तो हरकतीच्या मजकुरात. एकच छापील कागद, खाली दोनशे सह्या, ‘आमचा तीव्र विरोध आहे’. सुनावणीत असे दोनशे कागद एका ओळीत निकाली निघतात. गट किंवा सर्व्हे क्रमांक, आराखड्यातली रस्त्याची रुंदी, आरक्षण क्रमांक, प्रस्तावाने नेमके काय बिघडते आणि त्याऐवजी काय करता येईल, एवढे असलेली पाच हरकतपत्रे जास्त कामाची, कारण त्यांतल्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यावे लागते. नाही दिले तर ती उणीव पुढे न्यायालयात दाखवता येते. तपोवनात सिंहस्थासाठी झाडे तोडण्याच्या नोटिशीवर २०२५ च्या नोव्हेंबरात हरकतींचा पाऊस पडला. तिथेही नियम हाच: झाडाचा क्रमांक, जात, बुंध्याचा घेर आणि मंडप किंवा रस्ता दुसरीकडून नेण्याचा पर्याय लिहिला की हरकतीला वजन येते.

महासभेच्या ठरावाविरुद्ध रहिवाशाला सरळ अपील नाही. महापालिका अधिनियमाच्या कलम ४५१ नुसार (पुढे नुसते कलम आले तर ते याच अधिनियमाचे) बेकायदा किंवा लोकहिताविरुद्धचा ठराव शासन निलंबित करू शकते, विखंडित म्हणजे रद्द करू शकते. तसे निवेदन नगरविकास विभागाकडे करता येते. त्यासाठी ठरावाची सही-शिक्क्याची प्रत आणि इतिवृत्त हाती हवे. ऐनवेळी घेतलेल्या जादा विषयांत बारकाईने पाहावे, कारण विषयपत्रिकेत नसलेले बरेच काही तिथून आत येते. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर महासभाही शासनाने नेमलेला प्रशासकच आणि स्थायी समितीही तोच अशी स्थिती होती. प्रस्ताव मांडणारा, मंजूर करणारा आणि राबवणारा एकच असेल, तर हरकत ऐकायची कुणी? त्या काळातले ठराव आजही लागू आहेत. ते वाचून काढण्याचे काम आता निवडून आलेल्यांनी करायला हवे.

घरपट्टीकडे वळतो, कारण सर्वांत जास्त चुका तिथे होतात. कराचे दर ठरवण्याचा अधिकार महासभेचा, आणि तो २० फेब्रुवारीपर्यंत वापरायचा, हे कलम ९९. मात्र मिळकतीचे करयोग्य मूल्य ठरवणे आयुक्तांकडे. नाशिकमध्ये २०१८ साली पेटलेला वाद याच फटीतला होता: वार्षिक भाडेमूल्याचे दर आयुक्तांच्या आदेशाने वाढले आणि महासभा विरोधात उभी राहिली. सामान्य माणसाने या वादात न शिरता आपले बिल तपासावे. हिशेब सोपा आहे. भाडेमूल्याचा मासिक दर गुणिले क्षेत्रफळ गुणिले १२ महिने, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा, उरले ते करयोग्य मूल्य. बिल चुकते ते बहुधा क्षेत्रफळात, वापरात (घर असताना बिगरनिवासी नोंद) किंवा बांधकामाच्या वर्षात. मंजूर नकाशा आणि पूर्णत्वाचा दाखला जोडून नोटिशीतल्या मुदतीत आयुक्तांकडे लेखी हरकत द्यावी. ती दिली नसेल तर पुढचे दार बंद, कारण कलम ४०६ खाली न्यायाधीशांकडे करायच्या अपिलाला तीन अटी आहेत. आधी हरकत घेतलेली असावी आणि तिचा निकाल लागलेला असावा, अपील १५ दिवसांत दाखल व्हावे, आणि वादातली रक्कम महापालिकेकडे भरलेली असावी. ‘अन्याय आहे, एक रुपयाही भरणार नाही’ ही भूमिका ऐकायला बाणेदार वाटते. पण तिने अपील ऐकलेच जात नाही आणि थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढत राहते. रक्कम भरावी, सोबत ‘हरकत राखून भरत आहे’ असे पत्र देऊन पोच घ्यावी.

बांधकामाच्या नोटिशीत कलम पाहिल्याशिवाय काही करू नये. कलम २६० किंवा ४७८ असेल तर कलम ४३३ अ मुळे दिवाणी दाव्याची वाट जवळपास बंद झालेली आहे. खुलासा मुदतीत आणि कागदांसह द्यावा, आणि गरज पडली तर उच्च न्यायालय. परवानगीच नाकारली असेल तर नगररचना अधिनियमाच्या कलम ४७ खाली ४० दिवसांत शासनाकडे अपील आहे. हे अपील अर्जदाराचे आहे, शेजाऱ्याचे नाही. शेजारच्या इमारतीला खोटी माहिती देऊन परवानगी मिळाली असे वाटत असेल, तर महापालिका अधिनियमाच्या कलम २५८ चा उल्लेख करून परवानगी रद्द करण्याची मागणी आयुक्तांकडे करावी आणि खोटी माहिती नेमकी कोणती ते नकाशावर खूण करून दाखवावे. पाडकामाबाबत सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी १५ दिवसांची नोटीस, सुनावणी, कारणांसह आदेश आणि चित्रीकरण सक्तीचे केले. पण रस्ता, पदपथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागेवरच्या बांधकामाला ते संरक्षण नाही, आणि रस्त्यावर मांडलेल्या वस्तू कलम २३१ खाली विनानोटीस उचलता येतात. गोदाकाठी आणि मेन रोडवर होणारी बरीच बाचाबाची हा फरक माहीत नसल्यामुळे होते, दोन्ही बाजूंना.

कागद मिळवायला दरवेळी माहिती अधिकाराचा अर्ज लागत नाही. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत असा राज्य शासनाचा २०१८ चा निर्णय आहे; तिथे फाइल चाळावी, हवी ती पाने टिपून घ्यावीत आणि मग त्याच पानांसाठी १० रुपयांचा अर्ज करावा. ‘सर्व माहिती द्या’ असे लिहिले की उत्तर लांबते. दाखला किंवा नळजोडणी अडली असेल तर लोकसेवा हक्क अधिनियमाखाली ३० दिवसांत पहिले अपील करता येते. कुठलाही कागद देताना आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का असलेली पोच घ्यावी. नोटीस ज्या पाकिटातून आली ते पाकीटही फेकू नये. नोटिशीवरची तारीख आणि ती हाती पडल्याची तारीख यांत फरक असला तर मुदतीचा वाद त्या पोस्टाच्या शिक्क्यावर ठरतो.

आयुक्तांकडे मागणी एवढीच की प्रत्येक नोटिशीच्या तळाशी चार ओळी छापाव्यात: कोणते कलम, कोणत्या अधिकाऱ्याची नोटीस, खुलाशाची मुदत, आणि अपील कुणाकडे व किती दिवसांत. यासाठी ना महासभेचा ठराव लागतो ना शासनाची मान्यता. एका परिपत्रकाने सहाही विभागांत उद्यापासून सुरू होईल. आणि संपादक महाशय, महापालिकेच्या हरकतींच्या जाहीर सूचना आपल्याच अंकात निविदांच्या गर्दीत बारीक टायपात येतात. त्यांतल्या चालू आठवड्यात मुदत संपणाऱ्या सूचनांची यादी दर सोमवारी शहर पानावर ठळक छापाल का?

आपला,
एक करदाता, इंदिरानगर, नाशिक