अक्रोड की मेपल? आधी बेसची नेक तपासा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला बेस गिटारवरचा, म्हणजे खालच्या सुरांच्या गिटारवरचा, लेख वाचला. मराठी वर्तमानपत्रात या वाद्याला अख्खं पान मिळालं, याचा आनंद आहेच. मी डोंबिवलीत गिटार दुरुस्त करतो आणि ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो, म्हणून त्यातल्या एका विधानाबद्दल लिहायलाच हवं. ‘अक्रोडाचा बेस घुमतो, मेपलचा खणखणतो’ असं, म्हणजे लाकडाच्या जातीवरून आवाज ठरतो असं, लेखात ठामपणे छापलं आहे. असलं वाचून पोरं हातातला चांगला बेस विकायला काढतात आणि हप्त्यांवर नवा घेतात.

इलेक्ट्रिक बेसचा पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. लाकूड कितीही थरथरलं तरी पिकअप मुख्यतः तारेचीच हालचाल टिपतो. मग लाकडाचा संबंध येतो कुठे? तार जिथे टेकते तिथे. एक टोक ब्रिजवर (घोडीवर), दुसरं फ्रेटवर, म्हणजे बोटाखालच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, आणि फ्रेट बसलेली असते लांब, सडपातळ नेकवर, म्हणजे वाद्याच्या दांड्यावर. नेकची स्वतःची एक कंपनसंख्या असते. वाजवलेला सूर तिच्या जवळ आला की तारेचा जोर नेक ओढून घेते आणि तो सूर लवकर विझतो. याला वादक डेड स्पॉट म्हणतात. म्युनिकमध्ये संशोधक हेल्मुट फ्लायशर यांनी १९९०च्या दशकात नेकची कंपनं मोजून हे दाखवून दिलं. फेंडर या अमेरिकन कंपनीच्या पद्धतीच्या बेसवर डेड स्पॉट बहुधा सर्वांत बारीक अशा जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटदरम्यान, म्हणजे साधारण १३१ ते १४७ हर्ट्झवर सापडतो.

म्हणजे लाकडाचा परिणाम आहे, पण तो ताठपणातून आणि वजनातून येतो. अमेरिकन हार्ड मेपलचं वजन घनमीटरला सुमारे ७०० किलो, काळ्या अक्रोडाचं ६१० च्या आसपास. ताठपणात मेपल सरासरी आठ-नऊ टक्के पुढे. आता हे बघा: ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे २१ मिलिमीटरची नेक २२ ची केली की तो साधारण १५ टक्क्यांनी वाढतो. एका मिलिमीटरने जे होतं ते झाडाची जात बदलून होत नाही! शिवाय एकाच जातीच्या दोन फळ्यांतही बराच फरक निघतो. नुसतं ‘अक्रोड’ वाचून आवाज सांगता येत नाही तो यामुळे.

गेल्या पावसाळ्यात एक वडील मुलाला घेऊन माझ्याकडे आले. ‘दादा, याच्या बेसचं लाकूडच खराब आहे म्हणतात, अक्रोडाचा घ्यायला सांगितलंय.’ कुठल्याशा दुकानात सांगितलं होतं. जी तारेवरचा, पाचव्या फ्रेटचा सी सूर खरंच मरत होता. मी नेकच्या टोकाला, हेडस्टॉकला, छोटा लोखंडी क्लॅम्प लावला. वजन वाढलं, नेकची कंपनसंख्या उतरली, डेड स्पॉट खाली सरकला आणि सी मोकळा वाजला. मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला. बाकी तक्रार होती ती दमट हवेने नेकचा बाक बदलल्याची. नेकच्या आत बसवलेला धातूचा ट्रस रॉड थोडा फिरवून ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, जुळवली, नव्या तारा चढवल्या. तो बेस आजही त्याच्याकडेच आहे.

अक्रोडाचा बोलबाला बराचसा कॅलिफोर्नियाच्या अलेंबिक या बेस बनवणाऱ्या कंपनीमुळे झाला असं मला वाटतं. देखणी लाकडं, त्यात अक्रोडही, आणि पट्ट्या जोडून केलेल्या नेक. पण त्याच कंपनीने १९७०च्या दशकात वाद्याच्या पोटात आवाज घडवणारं, बॅटरीवरचं ॲक्टिव्ह सर्किट बसवलं, त्या आवाजाचं श्रेय एकट्या लाकडाला कसं द्यायचं? फेंडरच्या मेपल नेकच्या पाठीवरची काळपट पट्टीही अक्रोडाची असते. ट्रस रॉड मागून बसवल्यावर राहिलेली खाच तिने बुजवतात, एवढंच तिचं काम.

आणि ज्याला सगळे ‘लाकडी’ आवाज म्हणतात, तो डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत बेसवादक जेम्स जेमरसन यांनी काढला. फेंडरचा १९६२चा प्रिसिजन बेस, वर्षानुवर्षं न बदललेल्या जाड फ्लॅटवाउंड (सपाट गुंडाळीच्या) तारा, ब्रिजच्या झाकणाखाली फोम आणि उजव्या हाताची एकच तर्जनी. तारा आणि बोट, मग पिकअप आणि त्याची जागा, मग ॲम्प (ॲम्प्लिफायर). लाकूड माझ्या हिशेबात त्यानंतर.

अक्रोड घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. त्याचे रेषे सुंदर दिसतात, आणि भरीव मेपलपेक्षा ते खांद्याला हलकं पडतं. मात्र फेंडर ज्या ऑल्डर लाकडाच्या बॉड्या (वाद्याचं धड) करते त्याहून ते बरंच जड असतं. तीन तासांचा कार्यक्रम उभ्याने वाजवणाऱ्याने याचा विचार आधी करावा.

पुरवणीत पुन्हा या विषयावर लिहिलंत तर खरेदीची ही रीत जरूर छापा. दुकानात ॲम्प बंद ठेवून जी तारेवर पहिल्या फ्रेटपासून बाराव्यापर्यंत एकेक सूर वाजवा आणि तो आपोआप विझेपर्यंत थांबा. शेजारच्या सुरांपेक्षा एखादा फारच लवकर विझला, तर त्याच मॉडेलचा दुसरा नग मागून घ्या.

आपला,
एक बेसवादक, डोंबिवली