हर्णैच्या सुभेदार काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय सुभेदार काकांस साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

घरी येऊन आभार मानण्याचा प्रयत्न मी केला होता, परंतु तुम्ही कोकम सरबताचा पेला पुढे करून विषय बदललात. म्हणून आता सर्वांसमक्ष लिहीत आहे. आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट म्हणून आयुष्य घालवलेल्या तुमच्यासारख्या माणसाने, युद्ध कधीही न पाहिलेल्या शेजारच्या एका नवख्या बातमीदार मुलीला युक्रेनला निघण्यापूर्वी पडवीत बसवून जे शिकवले, ते तिथे रोज कसे उपयोगी पडले, हे आपल्या भागातील लोकांनाही कळावे अशी माझी इच्छा आहे.

युद्धक्षेत्रातील परदेशी बातमीदाराचा दिवस तोफांच्या आवाजात धावपळ करण्यात जातो, असा इथे बहुतेकांचा समज आहे. माझा दिवस बाटल्या भरून ठेवणे, पॉवर बँक चार्ज करणे, दुभाषी बाई आणि चालक यांच्याशी दिवसाचे पैसे व रस्ता ठरवणे, लष्कराच्या माध्यम अधिकाऱ्याच्या परवानगीची वाट पाहणे आणि रात्रीच्या संचारबंदीपूर्वी खोलीवर परतणे, यांतच सरत असे. फेब्रुवारी 2022 पासून त्या देशाचे आकाश नागरी विमानांना बंद असल्यामुळे पोलंडमधील प्शेमिश्लहून रेल्वेने कीव्ह आणि तिथून पुन्हा रेल्वेने मी राहिले ते खार्किव्ह शहर, असा प्रवास करावा लागतो. तिथे पोहोचल्यावरही लष्कराच्या मान्यतापत्राशिवाय आघाडीच्या बाजूला पाऊल टाकता येत नाही, आणि मान्यतापत्र मिळाले तरी कोणत्या विभागात एकट्याने फिरायचे व कुठे अधिकाऱ्याची सोबत घ्यायची, याचे नियम वेगवेगळे असतात. परवानगीची वाट पाहत खोलीत काढलेले दिवस वाया गेले असे मला वाटे. “वाट बघणं हीसुद्धा ड्युटीच असते,” हे तुमचे वाक्य त्या वेळी फार उपयोगी पडले, जरी माझ्या बातम्यांच्या पोर्टलच्या संपादकांना ते पटवणे कठीणच गेले.

खार्किव्ह रशियाच्या सरहद्दीपासून अवघ्या तीस-चाळीस किलोमीटरवर आहे. त्यामुळे तिथे अनेकदा आधी स्फोट होतो आणि भोंगा मागाहून वाजतो. तळघरापर्यंत पोहोचण्याइतका वेळ मिळतोच असे नाही. तिथले लोक अशा वेळी स्वतः आणि रस्ता यांमध्ये दोन भिंती राहतील अशा जागी थांबतात. पहिली भिंत धक्का झेलते आणि दुसरी काचा व तुकडे अडवते. तुम्ही मला कुठल्याही खोलीत शिरल्यावर आधी खिडकी कुठे आहे ते पाहायला आणि अंथरूण तिच्यापासून दूर घालायला सांगितले होते. मी मुक्कामभर बोळात, बुटांशेजारी झोपत असे. दुभाषी बाईंनी पहिल्याच रात्री ते पाहिले आणि मला शिकवण्यासारखे थोडेच उरले आहे, असे त्या हसून म्हणाल्या. त्याचे श्रेय माझे नव्हते, हे मी त्यांना सांगितले.

22 मार्च 2024 च्या पहाटे झालेल्या मोठ्या हल्ल्यात शहराला वीज पुरवणारी केंद्रे उद्ध्वस्त झाली आणि जवळजवळ सगळे खार्किव्ह अंधारात गेले. विजेवर चालणारे पंप थांबल्याने पाण्याचेही हाल झाले, मेट्रो बंद पडली आणि मोबाइलची रेंज येईनाशी झाली. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आपल्या तालुक्यात दिवसचे दिवस वीज नव्हती, तेव्हा संपूर्ण वाडीचे पाणी, कंदील आणि औषधे यांचा हिशेब तुम्ही एका वहीत मांडला होता, तो मला त्या सकाळी आठवला. आमच्याकडे भरलेल्या बाटल्या होत्या, पूर्ण चार्ज केलेल्या बॅटऱ्या होत्या, कागदावर लिहिलेले दूरध्वनी क्रमांक होते. काम थांबले नाही.

मात्र खरा आभारांचा विषय हर्णैत, माझ्या आईजवळ आहे. निघण्यापूर्वी तुम्ही माझ्याकडून एक कागद भरून घेतलात: रक्तगट, पारपत्राची प्रत, कीव्हमधील भारतीय दूतावासाचा क्रमांक, दुभाषी बाईंचा क्रमांक, आणि रोज कोणत्या वेळी निरोप येईल ते. निरोप आला नाही तर किती तास थांबायचे आणि त्यानंतर कोणाला, कोणत्या क्रमाने फोन करायचे, हेही त्यावर लिहून आईला समजावलेत. 22 मार्चच्या त्या शुक्रवारी ठरलेल्या वेळी निरोप गेला नाही. दूरदर्शनवर खार्किव्हची दृश्ये सुरू होती. तुम्ही येऊन आधी दूरदर्शन बंद केलात आणि कागद समोर ठेवून, निरोप न येणे याचा पहिला अर्थ टॉवरला वीज नसणे हाच असतो, असे आईला सांगत रात्री उशिरापर्यंत ओटीवर बसून राहिलात, हे मला परत आल्यावर समजले. तिने दूतावासाला वेळेपूर्वी एकही फोन केला नाही. मी तिथे निर्धास्तपणे काम करू शकले ते यामुळे, आणि याचे मोल मला कसे फेडायचे ते समजत नाही.

एक गोष्ट लिहिताना आजही जड जाते. पहिल्या स्फोटाच्या जागी धावत जायचे नाही, दुसरा तिथेच होऊ शकतो, हे तुम्ही बजावले होते. 4 एप्रिल 2024 रोजी मध्यरात्रीनंतर खार्किव्हमध्ये मदतीला गेलेल्या बचाव पथकावरच पुन्हा ड्रोनहल्ला झाला आणि त्यातील तीन कर्मचारी मारले गेले. त्यांना जाणे भाग होते, मला नव्हते. नागरी ठिकाणावरील हल्ल्याचे छायाचित्र तीन तास आणि लष्करी ठिकाणाचे बारा तास प्रसिद्ध करायचे नाही, असा तिथला नियम आहे. तेव्हा सर्वांत आधी पोहोचण्याने बातमीला फारसे काही मिळत नाही, हे मी आता कोणत्याही संपादकाला सांगू शकते.

तुम्ही दिलेली दोन्ही टुर्निकेट, म्हणजे रक्तस्राव थांबवण्यासाठी हातापायाला आवळायचे पट्टे, मी परत आणलेली नाहीत. पडवीतील दिवा घालवून एका हाताने पट्टा जखमेच्या वर, सांध्यावर न येऊ देता, रक्त थांबेपर्यंत आवळायचा आणि वेळ लिहून ठेवायची, हा तुम्ही करून घेतलेला सराव प्रत्यक्षात वापरण्याची वेळ माझ्यावर आली नाही. आमचे चालक मात्र तिथेच राहणार होते, म्हणून ती त्यांच्या गाडीत ठेवून आले. तुम्ही रागावणार नाही, असे गृहीत धरले आहे.

रत्नागिरीचा एक तरुण छायाचित्रकार पुढील महिन्यात तिकडे निघत आहे. त्याला तुमच्याकडे पाठवत आहे. येताना आईवडिलांनाही सोबत आण, असे त्याला सांगितले आहे.

तुमची शेजारीण,
एक बातमीदार