बॅटरीची स्कूटर ‘वाहन’ केव्हा होते?

महोदय,

विनानोंदणी ई-दुचाकींवरील कारवाईची आपली कालची बातमी वाचली. ‘नागरिकांनी नियम समजून घ्यावेत’ हा तिच्यातला सल्ला शिरोधार्य आहे. मला ते नियम आता तोंडपाठ झाले असून शिकवणीची फी मी चौकातच भरली आहे.

दोन वर्षांपूर्वी सुनेसाठी बॅटरीची स्कूटर घेतली. “काका, लायसन नको, पासिंग नको,” असे दुकानदार म्हणाला, आणि त्या दिवशी ते खरेही होते. कारण मोटारची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोच्या आत असेल, तर केंद्रीय नियमांच्या लेखी ते मोटार वाहनच नव्हे. पुढे सोसायटीच्या चढावर गाडी दम टाकते, अशी तक्रार मी केली (एवढा गुन्हा कबूल). त्याने सीटखालची एक वायर सोडवली, पैसेही घेतले नाहीत, आणि गाडी चाळिशीच्या पुढे पळू लागली. त्या वायरीसरशी आमची सून विनापरवाना चालक झाली, हे गेल्या महिन्यात हवालदारसाहेबांनी सांगितले तेव्हा कळले. परवान्याचे ५ हजार रुपये, नोंदणीचा दंड वेगळा.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातले कलम १८२-अ नव्याने लिहिले गेले. वाहनात नियमबाह्य बदल करणाऱ्या विक्रेत्याला त्यात वर्षभरापर्यंत कैद किंवा प्रतिवाहन १ लाख रुपये दंड सांगितला आहे. मी ते दुकानदाराला दाखवले. “मी वायर काढली तेव्हा ते वाहन कुठे होते?” असे त्याने शांतपणे विचारले. ‘लायसन नको’ हा फलक त्याच्या दारात आजही लटकतो आहे आणि कारवाई करणारे पथक त्याच रस्त्याने ये-जा करते.

मूळ १९८८ च्या कायद्याने चारपेक्षा कमी चाकांच्या गाडीला ३५ सीसीपर्यंत सूट दिली होती. ५० सीसीच्या लूनालाही आम्ही मुकाट्याने नंबर घेतला, कारण इंजिनाचे सीसी कुणी चौकात वायर ओढून वाढवू शकत नव्हते. बॅटरीच्या गाडीचा वेग मात्र दुकानात ठरतो, तेव्हा तपासणीही दुकानातच व्हायला हवी.

जाता जाता, माझ्या जुन्या पेट्रोल स्कूटरला उच्च सुरक्षा नंबरप्लेट मी पहिल्या मुदतीतच, दोन खेटे घालून, बसवून घेतली. त्यानंतर ती मुदत किती वेळा वाढली, हे आपल्याच अंकांतून मोजतो आहे.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, पुणे