विहिरीजवळचा बांध

शाहूपुरी, सातारा
रविवार, रात्री

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्याकडून निघताना एक गोष्ट अगदी ओठांवर आली होती. पण बाबा, तुम्ही तेव्हाच खाचरातून दमून आला होता, म्हणून गप्प बसले. फोनवर सांगायला गेले तर तुम्ही "बरं बरं" म्हणून फोन आईच्या हातात देता. म्हणून हे पत्र.

आधी गच्चीची हकीकत, आईला तीच ऐकायची असते. यंदा दोडक्याच्या वेलाला फुलं भरपूर, पण दोडका एक धरेना. फुलामागचं बोटाएवढं दोडकं पिवळं पडायचं आणि गळायचं. गच्चीवर मधमाश्या फारशा येत नाहीत, म्हणून मी सकाळी चहा ठेवायच्या आधी नरफूल तोडून मादीफुलावर फिरवायचे. पंधरा दिवस केलं. मग आई, तू फोनवर एवढंच विचारलंस, "अगं, फूल उमलतं कधी ते बघितलंस का?" नव्हतं बघितलं. लाल भोपळ्याचं, घोसाळ्याचं फूल सकाळी उमलतं, दोडक्याचं मात्र दिवस कलल्यावर. मी रोज कालच्या शिळ्या फुलांशी खटपट करत होते! आता कामावरून आले की पर्स जिन्यातच ठेवते आणि वर जाते. पाकळ्या सुटायला लागलेल्या असतात, नरफुलाला बोट लावलं की पिवळी पूड लागते. नऊ दोडके धरलेत. चिऊ रोज मोजून येते.

आणि बाबा, उन्हाळ्यात तुम्ही एसटीत चढवून दिलेली शेणखताची दोन पोती आठवतात? ड्रमांच्या तळाशी उसाचं पाचट घातलं आणि वर मातीत ते खत कालवलं. पावसाची पहिली सर आली आणि मी न पेरलेलंच जास्त उगवलं. तांदुळजा, चिघळ, एका ड्रमात कुर्डूची चार रोपं. शेजारच्या काकू म्हणाल्या, तण आहे, उपटून टाक. मी एकही उपटलं नाही. चिघळीची ती लालसर देठं आणि जाड, गार पानं मूगडाळ घालून केली, तर चिऊनं "आंबट भाजी अजून दे" म्हणून मागून घेतली. कुर्डू तुऱ्यावर यायच्या आत खुडला. आपल्या बांधाचं बी म्हशीच्या पोटातून शेणात आलं आणि शेणातून साताऱ्यात तिसऱ्या मजल्यावर. मला त्याचं किती अप्रूप वाटलं म्हणून सांगू!

तोच बांध गेल्या रविवारी पिवळा पडलेला बघितला. विहिरीपासून जांभळीपर्यंत टाकळा जागच्या जागी माना टाकून उभा होता. मी खाली बसून एक झुडूप ओढलं, ते मुळासकट हातात आलं. आई, तू मला टाकळा तिथंच शिकवलास. पानांच्या तीन जोड्या मोज, शेंडा नखानं खुडून बघ, कट्कन तुटला तरच घे. संध्याकाळी पानं मिटायला लागली की म्हणायचीस, झोपला बघ, आता घरी चल.

बाबा, तुम्ही तणनाशक फवारता ते का, हे मला कळतं. माणूस मिळत नाही, मिळालं तर मजुरी परवडत नाही, आणि वाकून विळा चालवायला तुमची कंबर साथ देत नाही. पण ते औषध पानातून मुळापर्यंत उतरतं, गवत काय आणि भाजी काय, सगळंच मारतं. गवताची मुळं गेली की बांधाला धरून ठेवणारं काही उरत नाही. आपल्या परळी खोऱ्यातला पाऊस तुम्हाला मी काय सांगणार.

त्याहून मोठी काळजी आईची आहे. फवारल्यावर काही दिवस पाला हिरवागार दिसतो, मग पिवळा पडायला लागतो. आई सवयीनं जाते आणि ओटीत भाजी खुडून आणते. म्हशीलाही तिथलंच गवत जातं. आई, यंदा त्या बांधावरचं काही म्हणजे काही खुडू नकोस. बाबा, फवारलंत की तिला त्याच दिवशी सांगत जा.

कासला हल्ली लाल ठिपक्यांच्या पिवळ्या फुलांचे फोटो काढायला लोक लांबून येतात. आजी खायची तो हाच कवला. २०१२ पासून पठार जागतिक वारशाच्या यादीत आहे, तिथं एक पान तोडायचं नाही, आणि ते योग्यच आहे. राजवाड्यापाशी रानभाजी घेऊन बसणाऱ्या बायांनाही ती कुणाच्या तरी बांधावरूनच आणावी लागते. मग आपला बांध तरी राहू दे.

सगळे बांध सोडा असं म्हणत नाही. विहिरीजवळचा एवढा एक सोडा. तो कापायचं आमच्याकडे लागलं. ह्यांच्या मित्राकडे गवत कापायचं मशीन आहे, ते पावसाळ्यात दोनदा घेऊन येऊ. टाकळा, कुर्डू असेल तिथं मी विळ्यानं हातानं काढीन. यंदाचं गेलं ते गेलं. पण टाकळ्याचं बी टणक असतं, मातीत पडून राहतं, त्यामुळे पुढच्या मिरगाला काही ना काही वर येईल. थंडीत पाथरी दिसली तर बाबा, तेवढी जागा चुकवा. भाकरीबरोबर कच्ची पाथरी तुम्हालाच सगळ्यात जास्त आवडते.

भारंगी मी इथं मंडईतून घेतली होती. उकळून दोनदा पाणी काढलं, तरी कडूच. आई, तू काय घालतेस?

येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं येतो. दोडके आणते. विळ्याला धार लावून ठेवा.

तुमची लेक