मार्कंड्याची भिंत अन् मोबाइलातला फोटो

मा. संपादक साहेब,

नमस्कार. महाशिवरात्रीच्या यात्रेत भाच्याने मार्कंडादेवच्या देवळाच्या भिंतीवरल्या जोडप्याच्या शृंगारिक मूर्तीचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, तर मोठेबाबांनी त्याले असं झापलं का पोट्ट्याने फोटो डिलीट करून ग्रुपच सोडला. आता मोठेबाबा चाळीस वर्षांपासून यात्रेला जातात, वैनगंगेत आंघोळ करून त्याच भिंतीपासून प्रदक्षिणा घालतात. मी म्हटलं दगडात चालते अन् मोबाइलात काहून नाही जी? तर म्हणे देवाची गोष्ट वेगळी.

कायदाबी तेच म्हणते राजेहो! भादंविचं (भारतीय दंड विधानाचं) जुनं कलम २९२, आता न्याय संहितेत २९४. अश्लील वस्तू विकणं-दाखवणं गुन्हा, पण देऊळ, प्राचीन स्मारक, एवढंच काय देवाच्या रथावर कोरलेलं-रंगवलेलं असंल तर सूट. म्हणजे भिंतीवर आहे तोवर कोणी विचारत नाही, तेच छापलं का मंग कलेसाठी आहे, लोकांच्या भल्यासाठी आहे, हे सांगत बसा. संततिनियमनाचा प्रचार करणारे र. धों. कर्वे तर 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं द्यायचे, तरी १९३४ मध्ये अश्लीलतेच्या खटल्यात खुद्द बाबासाहेब वकील म्हणून उभे राहूनही २०० रुपये दंड झालाच. तिकडे इटलीत ज्वालामुखीच्या राखेत गाडलेलं जुनं शहर पॉम्पेई खोदताना लोकांच्या घरातली, दुकानातली, साध्या वापरातली तसलीच शृंगारिक चित्रं अन् वस्तू निघाल्या, त्या १८१९ मध्ये नेपल्सच्या म्युझियमात कुलपात गेल्या अन् सगळ्यांसाठी खुल्या झाल्या २००० साली. ज्यांच्या घरात त्या होत्या त्यांना कुलूप लावायचं सुचलंबी नसंल.

सगळंच चालते असं माझं म्हणणं नाही. गावातल्या पोरीचा चोरून काढलेला व्हिडिओ फिरवतात ना पोट्टे, तिथं कला का अश्लील हा वादच नाही, तिला विचारलं नाही तिथंच गुन्हा झाला. अन् तसल्या क्लिपवर घरच्या ग्रुपात कोणी तोंड उघडत नाही, हे पण लिहून ठेवतो.

तुमचा पेपर दरवर्षी यात्रेला मार्कंड्याचा फोटो छापते, दुरून काढलेलं देऊळ नाहीतर नदीवरची गर्दी. येत्या शिवरात्रीला जरा जवळून भिंतीचा छापा. मोठेबाबा रोज पूर्ण पेपर वाचतात.

आपला एक वाचक,
ता. चामोर्शी, जि. गडचिरोली