शिरेतल्या नळीची भीती

स. न.

केमोच्या वॉर्डात परिचारिका म्हणून काम करताना एक प्रश्न सारखा ऐकते : "सिस्टर, ही नळी लावायची म्हणजे आजार फारच वाढलाय का?" तसे नसते. मनगटावरची साधी सुई काही दिवसांपुरतीच. औषध कित्येक आठवडे द्यायचे असेल, किंवा ते इतके जहाल असेल की बारीक शीर सुजते आणि बाहेर झिरपले तर कातडी जळते, तेव्हा दंडातून पिक लाइन, म्हणजे शिरेतून आत जाणारी लांब बारीक नळी, घालतात. तिचे टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असते. तिथे रक्ताचा ओघ मोठा, औषध लगेच पातळ होते. केमो महिनोन्महिने चालणार असेल तर छातीच्या कातडीखाली पोर्ट, म्हणजे शिरेतल्या नळीला जोडलेली छोटी डबी, बसवतात. जखम भरली की त्यावर बिनधास्त आंघोळ करता येते (हे ऐकून चेहरे खुलतात!). जंतुसंसर्गाचा आणि रक्ताच्या गाठीचा धोका मात्र खरा, म्हणून निव्वळ सोयीसाठी नळी मागू नये. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी तर आधी विचारावेच, कारण हाताच्या शिरा पुढे डायलिसिसच्या फिस्टुलासाठी, म्हणजे शीर आणि धमनी यांच्या जोडासाठी, लागतात. दोन्ही हात टोचून काळेनिळे होण्याआधीच डॉक्टरांनी हा विषय काढावा, एवढी विनंती.

– एक परिचारिका